मोबाइलवरची धमकी आणि घरातला पहिला शब्द

आजचा विषय घरात बोलायला अवघड आहे. सासूसमोर नाही, मुलांसमोर नाही, नवऱ्याशी तर बहुतेक वेळा नाहीच. म्हणूनच तो रेडिओवर घेतला. आणि म्हणूनच हे भाषण वाचणाऱ्या बायांना विनंती, की गटाच्या बैठकीत ते मोठ्यानं वाचा. एकटीनं वाचून घडी घालून ठेवू नका.

विषय आहे मोबाइलवरून अब्रूची खंडणी मागण्याचा. कुणाचा तरी उघडावाघडा फोटो किंवा व्हिडिओ पुढे करायचा, खरा नसला तर खोटा बनवायचा आणि म्हणायचं, "पैसे टाक, नाहीतर हे तुझ्या सगळ्या नातेवाइकांना पाठवतो." बातम्यांत याला 'सेक्स्टॉर्शन' म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल, धमकी मात्र ओळखता आली पाहिजे.

मी गोडदेवहून बोलते आहे. भाईंदर पूर्वेचं हे जुनं गाव. आता चारही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या, तरी गावपण पुरतं गेलेलं नाही. एका गल्लीत काही घडलं की संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गल्लीत पोचतं. तुमच्या वाडीत, वस्तीवर, पाड्यावर याहून वेगळं नसणार. या खंडणीखोराला नेमकं हेच ठाऊक असतं. जिथं चारचौघांची भीती मोठी, तिथं त्याचा धंदा जोरात.

"आम्ही असले फोटो काढतच नाही, मग आम्हाला काय त्याचं?" असं काहीजणी म्हणतील. जरा थांबा. फोन तुमचा नसेल, मुलाचा असेल. नवऱ्याचा असेल. कॉलेजात जाणाऱ्या भाचीचा असेल. गटाचा हप्ता भरायला ठेवलेले पैसे कपाटातून गेले आणि घरातला कुणी नीट उत्तर देईना, तर त्यामागे हेही असू शकतं.

धमकी येते कशी

चार वाटा सांगते. प्रत्येकीनं आपल्या घराशी ताडून बघावं.

पहिली वाट व्हिडिओ कॉलची. हिच्यात जास्त करून पुरुष आणि तरुण मुलं सापडतात. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर अनोळखी मुलीची मैत्रीची विनंती येते. फोटो छान, बोलणं गोड. एक-दोन दिवसांत व्हॉट्सॲपचा नंबर मागितला जातो. मग रात्री व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर एक बाई कपडे काढताना दिसते. ती बाई बहुतेक वेळा तिथं नसतेच. दुसऱ्या फोनवर आधीच काढून ठेवलेला व्हिडिओ चालू केलेला असतो. इकडच्या माणसाचा चेहरा आणि तो व्हिडिओ एकाच पडद्यावर येतो आणि त्याचं रेकॉर्डिंग होतं. कधी समोरचा माणूस भुलतो आणि स्वतःही कपडे काढतो. कधी तो काहीच करत नाही, नुसता फोन उचलतो. रेकॉर्डिंगला चेहरा पुरतो. दहा मिनिटांत व्हिडिओ परत येतो आणि सोबत त्याच्या मित्रयादीतल्या नावांचा फोटो. मेव्हण्याचं नाव, साहेबांचं नाव, गावच्या सरपंचांचं नाव.

दुसरी वाट झटपट कर्जाच्या ॲपची. इथं बायकाही मोठ्या संख्येनं अडकतात, कारण दवाखाना, शाळेची फी, बी-बियाणं यांना वेळ माहीत नसते. ॲप उघडताना ते फोनमधल्या नंबरांची यादी आणि फोटो बघायची परवानगी मागतं. आपण 'हो, हो' दाबत जातो. पाच हजार मंजूर होतात, हातात तीन-साडेतीन येतात आणि आठवड्यात पाचाच्या वर मागणी सुरू होते. फेडले तरी "बाकी आहे" म्हणतात. मग आपल्याच फोटोला नग्न शरीर जोडून तो फोटो भावाला, नणंदेला, गटाच्या अध्यक्षांना पाठवायची धमकी येते. मे २०२२ मध्ये मुंबईत मालाडच्या एका माणसानं अशाच जाचापायी जीव दिला. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला, की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली नंबरांची यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. म्हणून खूणगाठ बांधा. जे ॲप कर्जासाठी फोनमधल्या नंबरांची यादी मागतं, ते नियम मोडणारं आहे. तिथंच परत फिरा.

तिसरी वाट आपल्या साध्या फोटोची. हळदीकुंकवाचा, लग्नातला, बारशातला फोटो. तो उचलून संगणकावर त्याचा नग्न फोटो बनवतात. पूर्वी असं काम जाणकारालाच जमायचं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप आली आणि कुणालाही काही मिनिटांत करता येतं. म्हणजे ज्या बाईनं आयुष्यात एकही तसला फोटो काढला नाही, तिचाही 'फोटो' निघू शकतो. कुणाचा असा फोटो समोर आला, तर पहिला विचार हा यायला हवा की तो बनवलेला असेल.

चौथी वाट ओळखीच्या माणसाची. आधीचा मित्र, साखरपुडा मोडलेला मुलगा, नात्यातला कुणी, शिकवणीचा कुणी. विश्वासानं दिलेला फोटो तो हत्यार म्हणून वापरतो. हा पैसेच मागेल असं नाही. "भेटायला ये", "लग्नाला नाही म्हण", "अजून फोटो पाठव" असंही मागेल. या वाटेबद्दल पुढे वेगळं बोलू, कारण तिचा उपाय थोडा वेगळा आहे.

त्याचा धंदा समजून घ्या

आपल्याला वाटतं, हा माणूस माझ्याच मागे लागला आहे, याला माझं सगळं माहीत आहे, हा रात्रंदिवस माझाच विचार करतो आहे. अनोळखी खंडणीखोराच्या बाबतीत हे खरं नसतं. तो दुकान चालवतो.

हे कसं, ते कळायला आमच्याच भागातली एक जुनी गोष्ट सांगते. ती वेगळ्या फसवणुकीची आहे, पण भीतीचा व्यापार कसा मांडतात ते तिच्यातून दिसतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या काही कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून अधिक माणसं तिथं सापडली, त्यात कितीतरी विशी-पंचविशीची पोरं. ती काय करत होती? अमेरिकेतल्या लोकांना फोन लावायचे, "आम्ही तिकडच्या कर खात्यातून बोलतो, तुमचा कर थकला आहे, आत्ता भरला नाही तर पोलीस दारात येतील" असं सांगायचं आणि पैसे काढायचे. काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलेलं. एकानं फोन ठेवला की दुसरा नंबर. समोरच्या म्हातारीची झोप उडाली, पण फोन करणाऱ्याला तिचं नावही दुसऱ्या दिवशी आठवत नसणार.

अब्रूची खंडणीही अशीच मांडलेली असते. लिहून दिलेली वाक्यं, ठरलेल्या वेळा, ठरलेल्या धमक्या. एकाच रात्री पन्नास जणांना गळ टाकायचा. जो घाबरला त्याला ओढायचं, जो उत्तर देत नाही त्याला सोडायचं. तुमच्या बदनामीत त्याला रस नाही, त्याला पैसे हवेत. व्हिडिओ एकदा सगळीकडे पाठवला की त्याच्या हातात धमकी द्यायला काही उरत नाही. म्हणून तो पाठवण्यापेक्षा 'पाठवतो' म्हणण्यावर जगतो.

पैसे दिल्यावर काय होतं, तेही याच हिशोबातून कळतं. दोन हजार टाकले म्हणजे आपण त्याला सांगितलं, की इथं भीती आहे आणि पैसेही आहेत. दुकानदार असलं गिऱ्हाईक सोडेल का? लगेच पाच हजारांची मागणी येते. मग दुसऱ्या नंबरावरून फोन. "मी दिल्लीचा सायबर पोलीस अधिकारी बोलतोय, तुमच्यावर गुन्हा दाखल होतोय." मग तिसरा. "मी यूट्यूबमधून बोलतोय, व्हिडिओ काढून टाकायची फी भरा." कधी तर सांगतात, "त्या मुलीनं जीव दिला, आता तुम्ही खुनात अडकणार." पोलीस, यूट्यूबवाला, मुलगी, सगळी एकाच टोळीची सोंगं. खरा पोलीस फोनवर पैसे मागत नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद आपल्या कायद्यात नाही. हे वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ करायला लावा.

आणि फसतात ते अडाणीच, असंही समजू नका. २०२१ मध्ये कुर्ल्याचे आमदार मंगेश कुडाळकर यांना असाच फोन आला होता. मदत हवी म्हणून एका बाईच्या नावानं संपर्क झाला, मग व्हिडिओ कॉल, मग धमकी. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली आणि पोलिसांनी राजस्थानातल्या भरतपूर भागातून आरोपीला पकडून आणलं. आमदाराला लाज आडवी आली नाही, तर आपल्या घरातल्या पोराला ती का यावी?

घरातला पहिला शब्द

आता सगळ्यात महत्त्वाचं.

२०२२ साली पुण्यात दत्तवाडी भागातल्या एका कॉलेजवयीन मुलानं या धमक्यांपायी जीव दिला. थोडे पैसे त्यानं दिलेही होते. मागणी थांबली नाही. पुणे पोलीस माग काढत राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात गेले आणि आरोपीला पकडलं. म्हणजे माणूस सापडत होता. वाट निघत होती. पण ती निघेपर्यंत पोरगा राहिला नाही.

त्या घराबद्दल मी काही बोलणार नाही. त्यांचं दुःख त्यांचं. मी आपल्या घरांबद्दल बोलते. आपल्या घरात फोनची काही भानगड झाली, तर पहिला शब्द कोणता निघतो? "तरी सांगत होते." "कशाला गेलीस त्या फोनच्या नादाला?" "बाबांना कळलं तर मारून टाकतील." मुलीचा तर फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद होतं, स्थळं बघायला सुरुवात होते. पोरांना हे आधीपासून माहीत असतं. म्हणून ती सांगत नाहीत. खंडणीखोर लिहितो, "घरी सांगू नकोस." आणि आपणही वर्षानुवर्षं वागून तेच सांगत आलेलो असतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. इथं ती मूठ जितकी झाकू तितके लाख जातात. एका माणसाला सांगितलं की त्याच क्षणी धमकीचं अर्धं वजन उतरतं. जे घरात आधीच माहीत आहे, ते घरात पाठवायची धमकी देऊन काय उपयोग?

म्हणून पहिला शब्द ठरवून ठेवा. मुलगा, मुलगी, नवरा, जाऊ, कुणीही येऊन सांगितलं, तर म्हणायचं, "बरं झालं सांगितलंस. चूक त्याची आहे. आपण मिळून बघू." एवढंच. बाकीचे प्रश्न, ओरडा, उपदेश नंतर. आठ दिवसांनी काय हवं ते बोला. त्या रात्री नाही.

त्या रात्री आणखी एक करा. ज्याला धमकी आली त्याला एकटं झोपू देऊ नका. जेवायला वाढा, जवळ बसा. "मला जगायचं नाही", "माझ्यामुळे तुमची मान खाली गेली" असं काही तोंडातून निघालं, तर ते बोलणं हलक्यावर घेऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिवाला लगेच धोका वाटला तर ११२.

पहिल्या तासात काय करायचं

हे क्रमानं ऐका. गटाच्या वहीत लिहून ठेवलं तर उत्तम.

एक, पैसे देऊ नका. विनवण्या करू नका, शिव्या देऊ नका, भांडू नका. उत्तरच देऊ नका. तुमचं प्रत्येक उत्तर त्याला सांगतं, की मासा गळाला आहे.

दोन, काही पुसू नका. घाबरून आपण सगळे मेसेज उडवतो, आणि मग पोलिसांना दाखवायला हातात काही राहत नाही. समोरचाही आपले मेसेज पुसू शकतो, म्हणून लगेच स्क्रीनशॉट काढा. धमकीचे मेसेज, नंबर, त्याचं फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचं नाव, पैसे कुठे टाकायला सांगितले तो यूपीआय आयडी किंवा खातं, तारीख-वेळ. स्क्रीनशॉट जमत नसेल, तर दुसऱ्या फोननं पडद्याचा फोटो काढा. तो घाणेरडा फोटो किंवा व्हिडिओ मात्र 'पुरावा' म्हणून कुणाला पाठवत बसू नका. तो फोनमध्येच राहू द्या, पोलिसांना तिथंच दाखवा.

तीन, पुरावा झाला की त्या खात्याची त्या ॲपवरच तक्रार करा आणि ब्लॉक करा. नव्या नंबरावरून फोन आला तर तोही ब्लॉक. आपलं फेसबुक, इन्स्टाग्राम काही दिवस बंद ठेवा, पण कायमचं उडवू नका. निदान मित्रयादी लपवा.

चार, पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० लावा. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे आणि ती यंत्रणा बँकांशी जोडलेली आहे. पैसे पुढच्या खात्यातून काढून घ्यायच्या आत कळवलं, तर ते तिथं अडकवता येतात. म्हणून 'सकाळी बघू' नाही. फोन लावताना खातं, रक्कम, वेळ आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. आपल्या बँकेलाही कळवा.

पाच, तक्रार नोंदवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे. तिथं नाव न देताही तक्रार करता येते. पण तपास पुढे जावा असं वाटत असेल, तर नाव-नंबर दिलेला बरा. टाइप करता येत नसेल तर थेट पोलीस ठाण्यात जा. आमच्याकडे भाईंदर पूर्वेला नवघर पोलीस ठाणं आहे. ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं आहे, त्याचं स्वतःचं सायबर पोलीस ठाणं आहे. तुमच्याकडे जिल्ह्याच्या गावी सायबर पोलीस ठाणं असतं. एवढं लांब जाता आलं नाही तर जवळचं ठाणं चालतं. "हा गुन्हा आमच्या हद्दीत नाही" म्हणून तक्रार नाकारता येत नाही. नव्या फौजदारी कायद्यानं, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, गुन्हा कुठेही घडलेला असो, तो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. एकटीनं जाऊ नका. गटातल्या दोघी सोबत घ्या.

आता एक प्रश्न उरतो. "पैसे दिले नाहीत आणि त्यानं खरंच पाठवलं तर?" बहुतेक वेळा पाठवत नाहीत, पण कधीकधी दोन-चार जणांना पाठवतात. त्याचीही तयारी ठेवा. आपणच आधी जवळच्या नातेवाइकांना साधा मेसेज टाका. "माझ्या नावानं घाणेरडा व्हिडिओ पाठवून कुणी पैसे मागतो आहे. पोलिसांत तक्रार केली आहे. आला तर उघडू नका, पुढे पाठवू नका, मला कळवा." बस. खरा की खोटा, हे सांगायला आपण कुणाला बांधील नाही.

फोटो पसरू नये म्हणून आणखी एक सोय आहे. 'स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग' नावाचं संकेतस्थळ डिसेंबर २०२१ पासून चालू आहे. अठरा वर्षांवरच्यांसाठी. आपला फोटो तिथं पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्या फोटोचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो, बोटाच्या ठशासारखा, आणि तेवढाच ठसा पुढे जातो. यात सामील असलेल्या फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो ओळखतात आणि अडवतात. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी अशीच 'टेक इट डाउन' नावाची सोय आहे. कॉलेजातल्या एखाद्या विश्वासू मुलीची मदत घेऊन हे करता येतं. शिवाय २०२१ च्या सरकारी नियमांनी कंपन्यांवर बंधन घातलं, की कुणी आपल्या नग्न किंवा बनावट नग्न फोटोची तक्रार केली, तर तो ठरवून दिलेल्या मुदतीत काढायला हवा.

कायदा कुणाच्या बाजूला आहे

बायकांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? "फोटो मीच पाठवला होता, मग मलाच आत टाकतील." नीट ऐका. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ सांगतं, की बाईनं फोटो काढायला संमती दिली असली, पण तो इतरांना दाखवायला दिली नसली, तर दाखवणारा गुन्हेगार. घेणं वेगळं, वाटणं वेगळं. विश्वासानं दिलेल्या दागिन्याची कुणी चोरी केली, तर दागिना घडवणाऱ्या बाईला कुणी चोर म्हणत नाही.

भीती घालून पैसे उकळणं ही कलम ३०८ खाली खंडणी आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई खासगी अंगाचे फोटो संमतीशिवाय काढणं-पसरवणं याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. लैंगिक कृत्याचा व्हिडिओ पाठवणाऱ्याला कलम ६७ए खाली पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि इथं 'पाठवणारा' म्हणजे फक्त खंडणीखोर नव्हे. गावच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ "बघा बघा, कुणाची सून आहे" म्हणून पुढे ढकलणाराही त्यात येतो. मुलाचा किंवा मुलीचा असेल तर पोक्सो कायदा लागतो आणि प्रकरण फार गंभीर होतं. तेव्हा आपल्या फोनवर असं काही आलं, तर ते आपल्यापाशी थांबलं पाहिजे. त्या बाईवर याहून मोठे उपकार दुसरे नाहीत.

ओळखीचा माणूस असेल तर

अनोळखी खंडणीखोर उत्तर नाही मिळालं की पुढच्या नंबराकडे वळतो. ओळखीचा तसा वळेलच असं नाही. त्याला तुमचं घर माहीत आहे, येण्या-जाण्याची वेळ माहीत आहे आणि त्याच्या मनात राग आहे. इथं नुसतं ब्लॉक करून भागत नाही. "एकदा शेवटचं भेट, सगळं पुसून टाकतो" म्हणाला तरी भेटायला जायचं नाही. समोर पुसलं तरी दुसरीकडे ठेवलेलं नाही, याची खात्री कोण देणार? घरातलं एक माणूस, गटातली एक बाई आणि पोलीस, हे तिघं पहिल्याच धमकीला सोबत हवेत. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे. बऱ्याच ठिकाणी पोलिसांचा भरोसा सेल असतो, तिथं बाई अधिकाऱ्याशी बोलता येतं.

अशा वेळी गावात चारजण मध्ये पडतात. "मुलीचा प्रश्न आहे, बाहेर जायला नको, त्याला समज देऊ." समज जरूर द्या, पण तक्रार नोंदवून द्या. नुसत्या समजुतीवर सुटलेला माणूस पुढच्या मुलीकडे जातो. धमकी आलेली मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर मिटवामिटवी करायचीच नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावा.

आधीच घ्यायची काळजी

फोन बंद करून ठेवणं हा उपाय नाही. विहिरीत कुणी पडलं म्हणून आपण पाणी भरायचं सोडत नाही, कठडा बांधतो. हे चार कठडे आजच बांधा.

फेसबुकवर 'प्रोफाइल लॉक' करा. ही सोय भारतात मे २०२० मध्ये आली. तिच्यामुळे अनोळखी माणसाला आपले फोटो मोठे करून बघता येत नाहीत. मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवा, कारण धमकीची खरी धार त्या यादीतच असते. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरांचे कॉल वाजूच नयेत, अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. आपला फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवा. अनोळखी व्हिडिओ कॉल उचलायचा नाही. चुकून उचललाच, तर आधी कॅमेऱ्यावर अंगठा. आणि कर्ज हवं असेल तर गट आहे, बँक आहे, पतपेढी आहे. ॲपच्या दारात जाण्याआधी गटात एकदा तोंड उघडा.

गटानं काय करावं

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. प्रत्येकीच्या फोनमध्ये १९३०, ११२, १८१ आणि १४४१६ हे नंबर नावासकट भरा. ज्यांना येतं त्यांनी शेजारणीच्या फोनचं लॉक लावून द्यावं. मग दोघी निवडा, ज्यांच्याकडे कुणीही, कधीही, न लाजता येऊ शकेल. निवडताना हुशारी बघू नका. पोटात गोष्ट राहते की नाही, ते बघा. त्या दोघींचं काम तीनच गोष्टींचं. ऐकून घ्यायचं, १९३० लावायला मदत करायची, ठाण्यात सोबत जायचं. कुणाचं नाव बैठकीत येणार नाही, हे सगळ्यांसमोर शपथेवर ठरवा.

आणि आज रात्री जेवताना घरात एवढंच बोला. "मोबाइलवरून असं घाबरवून पैसे मागतात म्हणे. आपल्याकडे कुणाला असा फोन आला, तर मला सांगा. मी रागावणार नाही." कुणी वर बघणार नाही, ताटातलं खाली बघून खात राहतील. चालेल. ज्याच्यासाठी बोललात, त्यानं ऐकलेलं असतं. उद्या वेळ आलीच, तर कुणाकडे जायचं हे त्याला माहीत असेल.

नंबर पुन्हा सांगते, लिहून घ्या. एक, नऊ, तीन, शून्य. १९३०.

नमस्कार.